खालचं शेत, वरचं घर: मोझांबिकच्या पुरात मदत कुठे पोहोचते आणि कुठे अडते

तुम्ही विचारलंय की मोझांबिक आणि मलावीत दर दोन-तीन वर्षांनी मोठा पूर येतो, लाखो माणसं घराबाहेर पडतात, जगभरातून मदत जाते, सरकार उंचावर प्लॉट पाडून देतं आणि पुढच्या पुरात तीच माणसं पुन्हा त्याच नदीकाठी अडकलेली दिसतात. मग एवढ्या मदतीचं होतं काय? लोक ऐकत का नाहीत? आणि आपण इथून पैसे पाठवावेत की नाही?

मी पुरानंतरच्या छावण्यांमध्ये पाणी आणि संडासांचं काम करतो, बरीच वर्षं. तेव्हा उत्तर त्या उंचीवरून येईल, म्हणजे साधारण नळकोंडाळ्याच्या. मधल्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच लटकलेले आहेत. लोक परत जातात कारण शेत खाली असतं. हे एवढंसं कळायला मला दोन पूर लागले.

बुझी, पुंग्वे, झांबेझी, लिंपोपो, कुठलीही नदी घ्या. काठच्या कुटुंबाकडे शक्यतो जमिनीचे दोन तुकडे असतात. शेताला तिकडे ‘माशांबा’ म्हणतात. एक माशांबा वर, रेताड जमिनीत, सगळी भिस्त पावसावर. दुसरी खाली, नदीच्या गाळात, आपल्याकडच्या मळईसारखी. पाऊस बेताचा झाला तर दोन्ही पिकतात. जास्त झाला तर खालची बुडते, पण वरची हाती लागते. पावसाने दडी मारली तर वरची करपते आणि घर खालच्या ओलीवर चालतं. मलावीत शिरे नदीच्या खोऱ्यात असल्या खालच्या तुकड्याला ‘डिंबा’ म्हणतात. तिथे पूर ओसरायला लागला की पाण्याच्या मागे मागे, चिखल सुकायच्या आत मका टोचत जातात. म्हणजे ज्या पुराने मार्चचं पीक नेलं, त्याच्याच ओलीवर पुढचं पीक येतं. सरकारी नकाशावर हा पट्टा तांबडा असतो, ‘धोक्याचं क्षेत्र’. शेतकऱ्याच्या हिशेबात तो दुष्काळाचा विमा असतो.

आणि दुष्काळ कधीतरी येणारा पाहुणा नाही. फ्रेडी चक्रीवादळाने मार्च २०२३ मध्ये मलावीचा दक्षिण भाग उद्ध्वस्त केला. साडेसहा लाखांवर माणसं विस्थापित झाली, मृत आणि बेपत्ता मिळून हजाराच्या पुढे गेले. बरोबर वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, त्याच देशाने अल निन्योच्या दुष्काळामुळे बहुतेक जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. पुरानंतर शहाणपणाने खालची जमीन सोडून वर गेलेल्या माणसाचं त्या वर्षी काय झालं असेल, विचार करा. तो पुन्हा खाली उतरला तर त्याला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही.

आता पूर येतो कसा ते थोडं सांगायला हवं, कारण मदतीचं वेळापत्रक त्याच्यावर बसतं. मोझांबिक हा नद्यांच्या शेपटाकडचा देश. नऊ आंतरराष्ट्रीय नद्या त्याच्या अंगावरून समुद्राला जातात. लिंपोपोचं पाणी दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, झिंबाब्वेतून येतं. पुंग्वे आणि बुझी झिंबाब्वेच्या पूर्वेकडच्या डोंगरातून उतरतात. त्यामुळे खालच्या गावात आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं, आणि नदी चढत चाललेली, हा प्रकार नेहमीचा. लिंपोपोच्या काठचा शोक्वे हा तालुका गाझा नावाच्या प्रांतात आहे (हा गाझा वेगळा; बातम्या शोधताना फार गोंधळ होतो). तिथे फेब्रुवारी २००० मध्ये हेच झालं. झांबेझीवर तर आणखी एक गाठ आहे. करिबा आणि काहोरा बासा ही दोन प्रचंड धरणं होण्याआधी नदी दरवर्षी थोडीथोडी पसरायची आणि लोक तिच्या सवयीने राहायचे. धरणांनी लहान पूर बंद केले, लोक काठाजवळ सरकले, आणि एखाद्या भरलेल्या वर्षी दरवाजे उघडले की अंगावर येतो तो एकदम मोठा पूर.

२००० च्या पुराची चित्रं जुन्या वाचकांना आठवत असतील: झाडांवर बसलेली माणसं, वर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं. दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाने तेव्हा खरोखर कमाल केली, मूठभर हेलिकॉप्टरांनी हजारो माणसं उचलली. पण त्या पुरात वाचवलेल्या सुमारे ४५,००० माणसांपैकी दोन-तृतीयांशांच्या आसपास वाचली ती बोटींनी, आणि बोटी चालवणारे बहुतेक मोझांबिकचेच होते. बोटीचा फोटो चांगला येत नाही. दूरच्या देशांची हेलिकॉप्टरं पोहोचली तोवर दोन-तीन आठवडे गेले होते. हे मी दूषण म्हणून सांगत नाही. पहिल्या बहात्तर तासांत शेजारी शेजाऱ्याला वाचवतो, बाहेरचा माणूस तेव्हा विमानतळावर शिक्क्याची वाट बघत असतो, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलंय. मोझांबिक सरकारने त्यापासून धडा घेतला हेही खरं. आपत्ती व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था पुढच्या काही वर्षांत बळकट झाली, गावोगावी स्थानिक समित्या झाल्या. सायकलवरचा माणूस, भोंगा, रंगीत झेंडे अशी इशाऱ्याची साधी पद्धत बसली. जगातल्या गरीब देशांत एवढी बरी व्यवस्था थोड्याच ठिकाणी आहे.

तरी १४ मार्च २०१९ च्या रात्री इडाई चक्रीवादळ आलं तेव्हा ही व्यवस्था तोकडी पडली. कारण इडाईने दोनदा मारलं. मार्चच्या सुरुवातीला ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणून मलावी आणि मोझांबिकच्या आतल्या भागात पाऊस पाडून गेलं, नद्या भरल्या. मग समुद्रावर परत जाऊन ताकद कमावून बेइरा शहरावर आदळलं. बेइरा म्हणजे पाच लाख वस्तीचं बंदर, बराचसा भाग समुद्रसपाटीला टेकलेला. लोकांना वाऱ्याचा इशारा मिळाला होता. वारा थांबला, माणसं बाहेर आली, आणि मग एक-दोन दिवसांनी बुझी आणि पुंग्वेचं पाणी आलं. उपग्रहाच्या चित्रात जमिनीवर अक्षरशः एक समुद्र दिसत होता. बेइराला देशाशी जोडणारा ‘एन ६’ हा रस्ता तुटला, फोन गेले, वीज गेली. जगाला बातमी नीट कळायलाच चार दिवस लागले. मोझांबिकमध्ये ६०० हून जास्त माणसं गेली, झिंबाब्वेतल्या चिमानिमानीत डोंगर घरांवर आला, आणि काढणीला आलेलं सात लाख हेक्टरांवरचं पीक कणसासकट गेलं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेइरात लवकर पोहोचलेल्या परदेशी जहाजांत आपल्या नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचं ‘सारथी’ होतं. ती हिंदी महासागरात प्रशिक्षणाच्या फेरीवर होती, तिथूनच वळवली. त्यांच्याकडे बोटी होत्या, हेलिकॉप्टर होतं, डॉक्टर होते आणि पिण्याचं पाणी. बुझी गावातून माणसं काढायला नेमकं हेच लागत होतं.

मी पोहोचलो तोवर बचावाचं काम संपत आलं होतं. बेइराच्या विमानतळाची इमारत म्हणजेच सगळ्यांचं ऑफिस: जिथे सामानाचा पट्टा फिरतो तिथे टेबलं, टेबलांवर लॅपटॉप, खाली झोपायच्या पिशव्या. पोर्तुगीज मला येत नव्हती. पण वाटपाची पहिली यादी हातात आली आणि मी हसलो. ‘बाल्दे’ म्हणजे बादली. ‘सबाँव’ म्हणजे साबण. पाव म्हणजे पावच. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होता, आणि तिथल्या स्टोअरकीपरला काय हवंय हे समजायला मला दुभाषा लागला नाही. पुरानंतर घराला पहिल्यांदा हव्या असतात त्या वस्तूंची अर्धी यादी आपण चारशे वर्षांपूर्वीच उधार घेऊन ठेवलेली.

पाण्याचं सांगतो, माझा विषय तो. बाटलीबंद पाण्याची विमानं येतात, फोटो निघतात, आणि अभियंत्याच्या पोटात दुखायला लागतं. छावणीत माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी लागतं, हा जगभर मान्य असलेला किमान हिशेब. पाच हजारांची छावणी धरली तर रोज ७५,००० लिटर. बाटल्यांनी हे कसं भागणार? बेइराच्या शहरी पुरवठ्याचं शुद्धीकरण केंद्र शहराबाहेर मुतुआला आहे. वीज गेल्यामुळे पंप बंद पडले होते. त्या पंपांना जनरेटर आणि डिझेल मिळाल्यावर जेवढी माणसं आजारापासून वाचली, तेवढी कुठल्याच विमानाने वाचवली नसतील. बाहेरच्या गावांत मात्र नदीचंच पाणी घ्यावं लागतं. ते इतकं गढूळ असतं की क्लोरीन टाकून उपयोग नाही, गाळच ते खाऊन टाकतो. आधी तुरटी, मग पाणी निवळू द्यायचं, मग क्लोरीन, मग रबरी टाकीतून नळकोंडाळ्यावर. संडासांचं त्याहून बिकट. बेइराच्या आसपास मीटरभर खणलं की खालून पाणी लागतं. खड्डा खणायचा नाही, ओटा बांधून संडास वर उचलायचा. हे मानकांच्या पुस्तकात असतं, पण घाईत पहिले खड्डे सगळे खणतातच. आम्हीही खणले, आणि पहिल्याच सरीत ते भरून वाहिले. असो.

२७ मार्चला बेइरात कॉलऱ्याचे पहिले रुग्ण नक्की झाले. तोंडाने द्यायच्या लशीचे नऊ लाख डोस आठवडाभरात आले, ३ एप्रिलला मोहीम सुरू झाली, थोड्याच दिवसांत आठ लाखांवर लोकांना लस मिळाली. रुग्ण सुमारे ६,७०० झाले आणि मृत्यू ८. कॉलऱ्याच्या साथीत एवढे कमी मृत्यू मी त्याआधी पाहिले नव्हते. चांगलं काम कसं दिसतं असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवतो. पण आज ते तसंच पुन्हा होईल का? जगातला लशीचा साठा इतका आटला की ऑक्टोबर २०२२ पासून साथीत दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं, आणि अशी लस बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी हैदराबादच्या एकीने उत्पादन थांबवलं. मलावीत त्याच काळात कॉलऱ्याने सतराशेंवर माणसं गेली, आणि फ्रेडी आलं ते त्या साथीच्या मधोमध.

कॉलऱ्याबरोबर अफवा येते. पोर्तुगीजमध्ये रोगाला ‘कोलेरा’ म्हणतात आणि औषधाला ‘क्लोरू’. बाहेरगावची माणसं गाडीतून उतरतात, विहिरीत ‘क्लोरू’ टाकतात, दोन दिवसांनी गावात ‘कोलेरा’ होतो. ज्याला अक्षर येत नाही आणि सरकारवर भरवसा नाही, त्याने यातून काय समजायचं? उत्तरेकडच्या नामपुला प्रांतात २००९ मध्ये याच संशयावरून रेड क्रॉसच्या स्वयंसेवकांवर हल्ले झाले, त्यात जीव गेले. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: विहिरीवर जायच्या आधी गावच्या मुखियाकडे जाऊन बसायचं, आणि क्लोरीन घातलेलं पहिलं भांडं त्याच्यासमोर आपण प्यायचं.

हा मुखिया, म्हणजे पारंपरिक ‘रेगुलू’, आणि वस्तीचा सरकारी ‘सेक्रेतारियू’, हे दोघं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहेत. मदतीचं काय होतं? ती यादीपर्यंत जाते आणि यादी यांच्या हातात असते. बाहेरून आलेल्या संस्थेला कोण कुठला हे माहीत नसतं. तेव्हा ती मुखियाला सांगते, कुटुंबांची नावं द्या. शंभरातल्या नव्व्याण्णव ठिकाणी तो प्रामाणिकपणे देतो, स्वतःच्या भावकीला जरा वर ठेवून; हे आपल्याला नवं नाही. पण एप्रिल २०१९ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने न्यामातांडा भागातून जे बाहेर आणलं ते वेगळं होतं. काही स्थानिक पुढारी यादीत नाव घालायच्या किंवा धान्य द्यायच्या बदल्यात बायकांकडे शरीर मागत होते. ज्यांच्या घरात पुरुष नव्हता त्या बायकांना बाजूला ठेवलं जात होतं.

ते वाचून मला धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. लाज वाटली, कारण आमच्या वाटपाच्या याद्याही अशाच आल्या होत्या आणि आम्ही त्या मोजल्या होत्या, तपासल्या नव्हत्या. त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. यादी झाडाखाली सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. तक्रारीसाठी १४५८ हा फुकट फोन नंबर इडाईनंतरच सुरू झाला, ‘लिन्या व्हेर्द’ म्हणजे हिरवी लाइन. वाटप दुपारी संपवायचं, म्हणजे डोक्यावर पोतं घेऊन बाईला अंधारात जावं लागत नाही. एक गोष्ट मात्र अजून नीट सुटलेली नाही. एका माणसाच्या दोन बायका, दोन झोपड्या, दोन चुली. कार्ड एक की दोन? एक दिलं तर धाकटीची पोरं उपाशी. दोन दिली तर शेजारी म्हणतो, याला दुप्पट. मी चुलीवरून मोजतो. भांडणं होतातच.

यादीतून सुटणारा सगळ्यात मोठा गट मात्र वेगळाच असतो: छावणीत न आलेले. इडाईनंतर शाळा, चर्चं, तंबू यांत सव्वा लाखाहून जास्त माणसं होती. कॅमेरे त्यांच्याकडे वळलेले होते. पण घर मोडलेली बहुतेक कुटुंबं नातेवाइकांच्या अंगणात, नाहीतर स्वतःच्याच पडक्या भिंतीला ताडपत्री बांधून राहत होती. बहिणीच्या दोन खोल्यांत तेरा माणसं, हे विस्थापन कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. शाळांचंही तसंच. मलावीत फ्रेडीनंतर शेकडो ठिकाणी लोकांना आसरा दिला गेला, त्यातल्या बऱ्याच शाळा. वर्ग भरायचे असतात, म्हणून काही आठवड्यांनी हेडमास्तर कुरकुरायला लागतात. मग माणसं ‘स्वेच्छेने’ परत गेली असं अहवालात येतं.

आता तो सात लाख हेक्टरांचा आकडा. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या या भागात मुख्य पीक एप्रिलमध्ये हाती येतं, म्हणजे मार्चमधला पूर वर्षाचं सगळं जेवण नेतो. पण एप्रिल-मेमध्ये खालच्या ओल्या जमिनीत दुसरी पेरणी होते: भाजी, चवळी, लवकर येणारा मका. त्या पेरणीचं बियाणं मेच्या मध्यापर्यंत हातात पडलं तर ऑगस्टमध्ये घरात काहीतरी येतं. जूनमध्ये पडलं तर त्याची उसळ होते. मी दोष द्यायला गेलो तर सगळ्यात आधी याला देईन: अन्नाच्या मदतीला पैसा लगेच मिळतो, बियाण्याला उशिरा, कारण उपाशी मूल दिसतं आणि न पेरलेलं वावर दिसत नाही. एका ठिकाणी आमची बियाण्याची पाकिटं खरेदीच्या कागदपत्रांत इतकी अडकली की ती आली तेव्हा जमीन तडकली होती. बायकांनी ती मुकाट्याने घेतली. कोणी तक्रार केली नाही, हे जास्त लागलं.

आणि लक्षात घ्या, ही दुसरी पेरणी खाली होते. म्हणजे ज्या आठवड्यात सरकार म्हणतं ‘वर चला’, त्याच आठवड्यात शेती म्हणते ‘खाली ये’.

इडाईनंतर वर वसवलेल्या सत्तरच्या आसपास वसाहती झाल्या, त्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसं गेली. बुझीच्या लोकांसाठी ग्वारा-ग्वारा ही त्यातली एक. प्रत्येक कुटुंबाला आखून दिलेला प्लॉट, एक-दोन ताडपत्र्या, दोर, खिळे, पुढे कुठे कुठे पत्रे. मोझांबिकमध्ये सगळी जमीन राज्याच्या मालकीची, ती विकता येत नाही, मिळतो तो वापराचा हक्क. त्यामुळे भूसंपादनाची कोर्टबाजी होत नाही, प्लॉट पटकन मिळतो. पण याच कायद्यात चालीरीतीने कसलेल्या जमिनीवरही हक्क असतो, म्हणून वसाहत ज्या माळावर उभी राहते तो बहुधा आधीच कोणाची तरी वरची माशांबा असतो. आलेल्याला घरापुरती जागा मिळते, शेतापुरती नाही. त्याचं शेत चालत दोन-तीन तासांवर, खाली.

जानेवारी २०२१ मध्ये एलॉइज चक्रीवादळ पुन्हा बेइराजवळच आलं आणि या वसाहतींमधले तंबू, ताडपत्र्या फाडून गेलं. पुरापासून वाचवायला वर आणलेली माणसं वाऱ्यात सापडली. बेइरात ३१ मे आणि १ जून २०१९ ला झालेल्या परिषदेत देशोदेशींनी १.२ अब्ज डॉलर देऊ असं सांगितलं होतं, गरज ३.२ अब्जांची मांडली होती. टिकाऊ भिंत या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत राहिली.

पैशाचं विचारलंत. पाठवा. पण कपडे पाठवू नका. मोझांबिकमध्ये जुन्या कपड्यांच्या बाजाराला अजूनही ‘कालामिदादे’वरून आलेलं नाव आहे, म्हणजे आपत्तीचे कपडे, १९८० च्या दशकात मदत म्हणून आलेल्या गठ्ठ्यांवरून ते पडलं. कंटेनर बंदरात अडकतो, त्याचं भाडं चढतं आणि त्याच धक्क्यावर उतरायचं असतं औषध. पैसे देताना संस्थेला एवढं विचारा की तुमची तिथली माणसं पूर यायच्या आधीपासून तिथे होती का, आणि तुम्ही किती महिने थांबणार. ‘दोन वर्षं’ असं उत्तर आलं तर नाव लहान असलं तरी चालेल. बाजार उघडा असेल तर रोख रक्कम किंवा कुपन देणारी संस्था मला आवडते, कारण पत्रा हवा की बकरी हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाजारच वाहून गेला असेल तेव्हा मात्र रोख देऊन फक्त भाव चढतात. २०२५ मध्ये अमेरिकेची यूएसएड ही संस्था बंद झाल्यापासून या सगळ्या भागातलं काम आखडलंय, त्यामुळे लहान रकमांचंही मोल पूर्वीपेक्षा वाढलंय.

तुमच्या प्रश्नात ‘लोक ऐकत का नाहीत’ असं होतं, त्यावर एक सांगून थांबतो. एका वसाहतीत आम्ही कोणती घरं वापरात आहेत याची पाहणी करत होतो, पाण्याचे नळ किती लागतील ते ठरवायला. एका घराला पत्रे होते, दाराला कुलूप होतं, चुलीत राख नव्हती. मी फॉर्मवर ‘बंद, वापरात नाही’ लिहिलं. अशी त्या ओळीत बरीच होती. दुसऱ्या दिवशी त्या घराची मालकीण वाटेत भेटली, खालून आली होती, अंगावर चिखल, डोक्यावर भोपळे. तिने कमरेच्या कापडाच्या गाठीतून किल्ली काढली. किल्लीला तिकडे ‘शाव’ म्हणतात, म्हणजे आपली चावीच. आत मक्याची पोती छताला टांगलेली, मुलांचे जन्मदाखले प्लास्टिकमध्ये गुंडाळून तुळईत खोचलेले, एक शिवणयंत्र, दोन चटया. पेरणीपासून काढणीपर्यंत ती खाली गवताच्या खोपटात राहते, म्हातारी सासू आणि शाळेतली पोरं पावसाळ्यात वर येतात, रेडिओवर नदीची पातळी सांगितली की तीही येते. खोपट वाहून गेलं तर दोन दिवसांत नवं उभं राहतं, असं ती म्हणाली. तिला माझ्याकडून काय हवंय असं विचारलं. तिने घर मागितलं नाही, शिधाही नाही. खालून वर येणाऱ्या वाटेवर एक ओढा आहे, पुरात तोच आधी चढतो. त्याच्यावर काहीतरी करा, म्हणाली. आमच्या प्रकल्पात पुलाला तरतूद नव्हती. फॉर्मवरचं ‘वापरात नाही’ खोडलं आणि त्या ओळीतली बाकीची बंद घरं पुन्हा मोजायला गेलो.